मोंते सांतो : जुन्या गोव्याची पवित्र टेंकडी

आमच्या धर्मग्रामांतून गोव्याच्या यात्रेस जाण्याची प्रथा फार जुनी आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र देहाचें सार्वजनिक दर्शन दर दहा वर्षांनीं घडतें. २०२४ च्या नोव्हेंबरांत सुरू होऊन २०२५ च्या जानेवारींत संपलेल्या दर्शनसोहळ्यासही वसईकडील पुष्कळ कुटुंबें गेलीं होतीं. यात्रेकरू परत आले म्हणजे आम्ही त्यांस कौतुकानें विचारतों, काय काय पाहिलें? उत्तर बहुधा ठरलेलें असतें. बॉम जेझूचें मंदिर पाहिलें, से कॅथेड्रल पाहिलें, मेणबत्त्या लाविल्या, खाजें घेतलें आणि गाडी पकडली. टेंकडीवर गेलां होतां काय, असें पुसल्यास समोरून प्रतिप्रश्न येतो, "कसली टेंकडी, फादर?"

ती टेंकडी म्हणजे मोंते सांतो, पवित्र टेंकडी. बॉम जेझूच्या मंदिरापासून पश्चिमेस थोडी चढण चढलें कीं माणूस तिच्या माथ्यावर येतो. एके काळीं पूर्वेकडील रोम म्हणून गाजलेल्या शहराचा हा डोंगरमाथ्यावरील महल्ला होय. शहराचा बाजार, जकात, राजवाडा, गुलामांची विक्री, धर्मन्यायसभेचा वाडा हें सर्व खालीं सपाटीवर. वर मात्र मठ, मंदिरें, विद्यालयें आणि त्यांच्या आधारानें राहणारीं माणसें.

ज्युबिलीच्या पुस्तकांत आपल्याच देवळाचा इतिहास असावा, दूरच्या टेंकडीचा कशास, असें कोणी म्हणेल. परंतु आमच्या पूर्वजांस ज्या धर्मपीठाच्या छत्राखालीं बाप्तिस्मा मिळाला तें पीठ गोव्यास होतें, आणि वसईच्या किल्ल्यांत संत ऑगस्टीनच्या ज्या मठवाशांचें मंदिर होतें त्यांचें वडील घर याच टेंकडीवर होतें. शिवाय एखादें मंदिर कशानें टिकतें आणि कशानें पडतें, हा प्रश्न ज्युबिली साजरी करणाऱ्या कोणत्याही धर्मग्रामानें स्वतःस विचारावा असा आहे. आणि त्याचें उत्तर दगडांत लिहिलेलें पाहावयाचें तर या टेंकडीसारखें दुसरें ठिकाण आमच्या पाहण्यांत नाहीं.

टेंकडीचा ख्रिस्ती इतिहास २५ नोव्हेंबर १५१० पासून सुरू होतो. त्या दिवशीं, संत कॅथरीनच्या सणास, अफोन्सो द आल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशाहीकडून मांडवीकांठचें हें शहर दुसऱ्यांदा जिंकून घेतलें. त्यानें याच उंचवट्यावरून लढाईवर नजर ठेविली अशी परंपरा असून त्या अर्थाचा पोर्तुगीज लेख येथील मंदिराच्या भिंतीवर आहे. विजयानंतर शहरांतील मुसलमान रहिवाशांची भयंकर कत्तल झाली, हें खुद्द आल्बुकर्कनेंच आपल्या राजास लिहिलेल्या पत्रांत लपवून ठेविलेलें नाहीं. मग आम्हीं तरी तें कां लपवावें? नवसाचें मंदिर ज्या दिवसाच्या स्मरणार्थ उभें राहिलें, त्या दिवसाच्या दोन्ही बाजू भाविकानें जाणून घ्याव्यात हें बरें.

तें मंदिर म्हणजे रोझरी मातेचें मंदिर. तें १५४० नंतरच्या दशकांत बांधलें गेलें, आणि आज गोव्यांत उभ्या असलेल्या अगदीं जुन्या मंदिरांत त्याची गणना होते. मंदिर लहान आहे. प्रथम पाहणाऱ्यास तें एखाद्या गढीसारखें वाटतें: जाड भिंती, उंचावर ठेविलेल्या खिडक्या, कोपऱ्यांना गोल बुरुजासारखे मनोरे. मनोऱ्यांभोंवतीं दगडांत दोरखंडाचें वेटोळें कोरलेलें आहे. हें पोर्तुगालच्या राजा मानुएल याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या शैलीचें लक्षण असून, समुद्रावर जगणाऱ्या राष्ट्रानें आपल्या जहाजांचे दोरच जणूं देवळास बांधले आहेत. आंत सोन्याचा झगमगाट नाहीं. ज्यांस बॉम जेझूच्या वेदीची संवय झाली आहे त्यांस येथें पहिल्या क्षणीं कांहींसें ओकें वाटतें. पण थोडा वेळ बसून राहिलें म्हणजे हें घर प्रार्थनेसाठींच बांधलें आहे हें कळूं लागतें.

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास आले. हातांत घंटा घेऊन ते रस्त्यांतून हिंडत, मुलांस व दासदासींस गोळा करीत आणि त्यांस धर्मशिक्षण देत, ही गोष्ट आपल्या मुलांसही पाठ आहे. संध्याकाळच्या वेळीं हें शिक्षण रोझरी मातेच्या टेंकडीवर चाले अशी तेथील परंपरा आहे. ज्यांच्या देहाच्या दर्शनासाठीं आपण खालीं तासन्‌ तास रांगेंत उभे राहतों, त्यांच्या जिवंत पावलांची वाट वर जाते. हें आमच्या यात्रेकरूंस कोणी सांगत नाहीं, याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें.

मंदिरांत वेदीच्या बाजूस भिंतींत एक स्मारक आहे. तें गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी दोना कातारीना हिचें. ती १५४९ सालीं वारली, आणि त्याच वर्षीं गव्हर्नरही वारला. तिच्या मरणशय्येपाशीं संत झेवियर यांनीं या दोघांचा विवाह लावून दिला असें सांगतात. स्मारकावरील वेलबुट्टी मात्र पोर्तुगीज नव्हे. ती गुजराती धाटणीची असून, कोरणाऱ्या कारागिरानें आपल्या देशांतील मशिदी-मंदिरांवरची नक्षी निःसंकोचपणें एका ख्रिस्ती बाईच्या थडग्यावर आणून ठेविली आहे. ज्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं असा तो कारागीर आम्हांस गव्हर्नरापेक्षां अधिक जवळचा वाटतो.

आतां टेंकडीच्या दुसऱ्या आणि मोठ्या घराकडे वळूं. संत ऑगस्टीनचे मठवासी १५७२ सालीं गोव्यास आले. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १६०२ च्या सुमारास, त्यांचें कृपामातेचें मंदिर व मठ पूर्ण झाला. या मंदिराचा दर्शनी भाग पांच मजली होता आणि त्याच्या दोन्ही अंगांस उंच मनोरे होते. त्यांपैकीं एकाचा उरलेला भाग आजही सुमारें ४६ मीटर उंच उभा आहे. आंत आठ लहान चॅपेलें, चकाकणाऱ्या रंगीत फरशांच्या भिंती आणि वर जांभ्या दगडाची अवाढव्य कमान. मांडवींतून वर येणाऱ्या जहाजावरील खलाशांस शहराच्या आधीं हे मनोरे दिसत असले पाहिजेत.

येथील मठवासी केवळ मनोऱ्यांत रमले नाहींत. बंगालांत हुगळीस, इराणांत इस्फाहानास, आणि आमच्या वसईस त्यांच्या शाखा होत्या. इराणांतील शाखेनें या टेंकडीस एक विलक्षण ठेवा आणून दिला. जॉर्जिया देशांतील काखेतीची राणी केतेवान हिला इराणचा शहा अब्बास यानें कैदेंत ठेविलें होतें. धर्म सोडण्यास तिनें नकार दिला म्हणून १६२४ सालीं शिराझ येथें तिला तापलेल्या लोखंडानें छळून ठार मारण्यांत आलें. ऑगस्टीनच्या मठवाशांनीं तिचे अवशेष मिळविले आणि त्यांतील कांहीं १६२७ सालीं गोव्यास आणून मठाच्या एका चॅपेलांत, खिडकीजवळ दगडी पेटींत ठेविले. राणी आपल्या रोमन मंडळींतील नव्हती. ती पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीची. तरी तिच्या रक्तसाक्षीपुढें मठवाशांनीं मंडळीचा भेद आड येऊं दिला नाहीं. त्या काळीं अशी उदारबुद्धि स्वस्त नव्हती.

मठाच्या समोरच साध्वी मोनिकेच्या नांवाचा स्त्रियांचा मठ आहे. ऑगस्टीनच्या शेजारीं मोनिका, पुत्राच्या शेजारीं आई! आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस हे स्वतः ऑगस्टीनच्या संघाचे होते. त्यांनीं १६०६ सालीं या मठाचा पाया घातला आणि १६२७ सालीं बांधकाम पुरें झालें. पूर्वेकडे स्त्रियांसाठीं स्थापन झालेला हा पहिला मठ मानतात. १६३६ सालीं येथील क्रूसावरील प्रभूच्या मूर्तीनें डोळे उघडले व जखमांतून रक्त वाहिलें असें भगिनींनीं पाहिल्याची परंपरा असून, त्या क्रूसाचा सण अजूनही भक्तिभावानें पाळतात. त्याच वर्षाच्या नाताळांत मठास आग लागली. दुसऱ्या वर्षीं तो पुन्हां उभा केला. तीन मजल्यांची ती प्रचंड इमारत, तिचे भिंतीस टेकूं देणारे जाडजूड धिरे, हें सर्व अद्याप जागेवर आहे. या मठाचीं दारें मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या घरंदाज मुलींस व विधवांस उघडीं होतीं. गांवच्या मुलींस त्या दारांतून आंत जातां येणें फार कठीण होतें, हेंही नमूद केलें पाहिजे.

टेंकडीवर जेसुइट लोकांनींही आपलें संत पॉल विद्यालय खालच्या रोगट वस्तींतून हलवून आणलें होतें. जवळच संत अंतोनीचें राजचॅपेल आहे. या संत अंतोनीस पोर्तुगीज सैन्यांत कॅप्टनचा हुद्दा होता! दर वर्षीं त्यांची मूर्ति मिरवणुकीनें खजिन्यांत नेऊन त्यांचा पगार घेत. एका गव्हर्नरानें काटकसरीच्या भरांत हा पगार बंद केला, तेव्हां तो अशा रीतीनें पडला कीं पुढें कोणास ती हिंमत झाली नाहीं, असें गोंयकार हंसत सांगतात. आमच्या धर्मग्रामाच्या खजिनदारानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

हें शहर मेलें कसें? शत्रूच्या तोफेनें नव्हे. टेंकड्यांमधल्या सखल भागांत पाण्याचा निचरा नव्हता. जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळें घाण झिरपून विहिरींत उतरे. १५४३, १५७० आणि १६३५ या सालांच्या सुमारास मोठ्या साथी आल्या, आणि त्यांमधल्या काळांत तापाचें ठाणें कायमच होतें. तिकडे डचांनीं समुद्रावरचा व्यापार तोडला. व्हाइसरॉयनें १६९५ सालीं आपलें बिऱ्हाड पाणेलीस नेलें, आणि १७५९ सालीं पणजीस. धनी गेला, मग चाकर गेले, मग दुकानदार. रिकाम्या वाड्यांचे दगड होड्यांत भरून पणजीच्या नव्या घरांसाठीं गेले. १८४३ सालीं पणजी राजधानी झाल्याचें कागदोपत्रीं जाहीर झालें तेव्हां येथें जाहीर करण्यासारखें फारसें उरलेलें नव्हतें.

तरीही टेंकडीवरचे मठ उभे होते; माणसें गेलीं तरी मठवासी होते. शेवटचा घाव लिस्बनहून आला. १८३४ च्या मे महिन्यांत पोर्तुगालच्या सरकारनें सर्व धर्मसंघ मोडून त्यांची मालमत्ता ताब्यांत घेण्याचा हुकूम काढला आणि १८३५ सालीं तो गोव्यांत अंमलांत आला. मठवासी बाहेर पडले, दारें बंद झालीं.

पुढें जें घडलें तें कोणा बांधकाम जाणणाऱ्यास विचारावें. जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. परंतु पावसापुढें तो चुन्याच्या गिलाव्यावांचून टिकत नाहीं. गिलावा हें त्याचें वस्त्र. दर कांहीं वर्षांनीं चुना नवा करावा लागतो, कौलें चाळावीं लागतात, भिंतींतून उगवणारा पिंपळ कोवळा असतांनाच उपटावा लागतो. बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंतींवरील गिलावा गेल्या शतकाच्या मध्यास जुनेपणाच्या हौसेपायीं काढून टाकिला, त्याचें दुःख ती इमारत आजही भोगीत आहे. ऑगस्टीनच्या मंदिरास तर चुना लावणारा हातच उरला नाहीं. सात पावसाळे गेले, आणि १८४२ सालीं ती अवाढव्य कमान कोसळून मंदिराच्या पोटांत पडली. १९३१ सालीं दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. १९३८ सालीं आणखी कांहीं भाग गेला. आज तेथें जाणाऱ्यास उघड्या आभाळाखालीं वेदीची जागा, फरशीवर कोरलेले मृतांचे लेख, भिंतीस चिकटलेले रंगीत फरशांचे तुकडे आणि तो एकटा उभा भग्न मनोरा दिसतो.

मनोऱ्यांतील घंटेचें भाग्य मात्र निराळें. ती १८४१ सालीं, म्हणजे कमान पडण्याच्या आदल्याच वर्षीं, खालीं उतरवून आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहापाशीं नेली. तेथें तीस वर्षें तिनें खलाशांची सेवा केली आणि १८७१ पासून ती पणजीच्या निष्कलंक मातेच्या मंदिरावर टांगलेली आहे. पणजीच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या पायऱ्यांवर उभें राहून छायाचित्र काढणाऱ्यांनीं एकदां वर मान करून पाहावें: गोव्यांत से कॅथेड्रलच्या सोन्याच्या घंटेखालोखाल हीच मोठी. घंटा कशा प्रवास करितात हें वसईकरांस सांगावयास नको. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर आमच्या मंदिरांच्या घंटा सह्याद्रीपलीकडील देवळांत गेल्या. त्यांतील एक भीमाशंकरास आजही आहे.

आतां मूळ प्रश्न. एवढें दांडगें मंदिर पडलें आणि त्याच्या पूर्वींचें, त्याच्या निम्म्याहूनही लहान असें रोझरी मातेचें मंदिर त्याच टेंकडीवर, त्याच पावसांत, त्याच जांभ्याचें असून उभें कसें? आमच्या मतें याचें कारण साधें आहे. तें कोणा संघाचें नव्हतें. तें धर्मग्रामाचें मंदिर होतें. हुकूम निघाला तो मठवाशांवर, धर्मग्रामांवर नव्हे. तेथें थोडीं कां होईना माणसें होतीं, मिस्सा होती, आणि ज्यांस पाऊस आपल्या डोक्यावर गळतांना सोसवत नाहीं असे कोणीतरी होते. वसईची गोष्ट याहून वेगळी नाहीं. किल्ल्यांतील मोठमोठ्या मंदिरांच्या आज भिंती आहेत. ज्या गांवांतून आपले वाडवडील शेतीवाडी करीत राहिले, त्या गांवांतील धर्मग्राम चालू आहेत. छपराच्या वर्गणीसाठीं आम्ही दर वर्षीं मे महिन्यांत जी कटकट करितों ती कां, हें यावरून कोणाच्या ध्यानांत आलें तर ठीकच.

मात्र दगडांवरून सर्वच हिशेब करूं नये. मोंते सांतोहून दिसणाऱ्या दुसऱ्या एका टेंकडीवर चमत्कारांच्या क्रूसाचें मंदिर होतें. तेथें याच भूमींतील धर्मगुरूंनीं, ज्यांस गोऱ्या संघांचीं दारें सहसा उघडत नसत, आपला स्वतःचा संघ चालविला. १६८५ सालीं बाणावलीचे फादर जोसेफ वाझ त्यांत सामील झाले आणि तेथूनच सिलोनास जाऊन त्यांनीं डचांच्या छळाखालीं मरणपंथास लागलेली तेथील मंडळी पुन्हां उभी केली. १४ जानेवारी २०१५ रोजीं परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. तेंही मंदिर १८३५ नंतर ओस पडून आज पडीक आहे. पण त्या घराचें पीक समुद्रापलीकडे उभें आहे.

साध्वी मोनिकेच्या मठावर तो हुकूम सावकाश बजावला गेला. आंत असलेल्या भगिनींस राहूं दिलें, नव्या मुलींस घेण्याची बंदी केली. म्हणजे दर वर्षीं प्रार्थनेस उभ्या राहणाऱ्यांत एक-दोन आवाज कमी होत जावयाचे. पन्नास वर्षें हें चाललें. शेवटची भगिनी १८८५ सालीं वारली. जेथें शंभर जणींचा घोष उठण्यासाठीं प्रार्थनागृह बांधलें होतें, तेथें त्या एका म्हाताऱ्या बाईनें अखेरचीं वर्षें कशीं काढलीं असतील, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं. नंतर तेथें शिपायांचा तळ पडला. परंतु १९६४ सालीं त्याच इमारतींत धर्मभगिनींच्या शिक्षणासाठीं मातेर देई संस्था सुरू झाली, आणि आतां तेथें येणाऱ्या भगिनींस त्यांचा वंश कोणी विचारीत नाहीं. मठाच्या चॅपेलांत २००२ पासून ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. हस्तिदंतांत कोरलेले बाळ येशू आणि हिंदी कारागिरांनीं घडविलेलीं चांदीचीं पवित्र पात्रें पाहण्यासाठीं तरी आंत जावें.

आणि राणी केतेवान? जुन्या पोर्तुगीज कागदांत तिच्या पेटीची जागा लिहिलेली होती, पण चॅपेल ढिगाऱ्याखालीं गेलें होतें. पुराणवस्तु खात्याच्या उत्खननांत २००४ सालीं त्या ठिकाणीं हाताच्या हाडाचा तुकडा सांपडला. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं त्याची तपासणी केली, तेव्हां त्यांत असा वंशचिन्हाचा प्रकार निघाला कीं जो भारतांतील हजारों नमुन्यांत आढळला नव्हता, मात्र जॉर्जियांतील नमुन्यांत आढळत होता. २०२१ च्या जुलैंत भारत सरकारनें त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या लोकांस भेट दिला. तेथें त्याचें स्वागत सबंध राष्ट्रानें केलें. ऑगस्टीनच्या मठवाशांनीं १६२७ सालीं जपून ठेविलेली अनामत अशी जवळजवळ चारशें वर्षांनीं घरीं पोंचली.

१९८६ सालीं युनेस्कोनें गोव्याच्या मंदिरांस व मठांस जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. त्या सात वास्तूंत टेंकडीवरच्या दोन आहेत, एक उभी, एक पडलेली. पुढल्या यात्रेस जाणाऱ्यांनीं सकाळीं उन्हाच्या आधीं निघावें. प्रथम संत अंतोनीस नमस्कार करून ऑगस्टीनच्या मंदिरांत शिरावें, फरशीवरील लेखांवर पाय न देतां फिरावें, मृतांसाठीं एक 'आमच्या बापा' म्हणावें. मग संग्रहालय. रोझरी मातेचें मंदिर शेवटीं ठेवावें. त्याच्या बाहेर टेंकडीचा कडा आहे. खालीं मांडवी, पलीकडे दिवाडी बेटाची हिरवळ, आणि फेरीबोटीची ये-जा. म्हाताऱ्या मंडळींस चढण फारशी जड जाणार नाहीं. मात्र पाणी बरोबर घ्यावें, वर दुकान नाहीं.